रिसेप्टर कॅन्सरच्या पेशीला जगवतो, मग ‘ईआर पॉझिटिव्ह’ रिपोर्ट चांगला कसा?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. मावशी ५४ वर्षांच्या. स्तनातली गाठ काढली. रिपोर्टमध्ये इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा (दुधाच्या नळीतून शेजारच्या ऊतीत घुसलेला कॅन्सर), ग्रेड २, ईआरचा म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरचा ऑलरेड स्कोअर (तपासणीत पेशी किती रंगल्या याचे गुण) ८, पीआरचा म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचा ६, हर-टू हे वाढीला ढकलणारं प्रथिन निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट चांगला आलाय,” आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनू न देणारी लेट्रोझोलची गोळी रोज एक सुरू केली. तुम्ही बी. फार्म.चे विद्यार्थी, त्यामुळे स्वतःच शोधायला बसलात आणि दोन शोधनिबंध हाती लागले. एक म्हणतो, इस्ट्रोजेन रिसेप्टर कॅन्सरच्या पेशीला मरू देत नाही आणि आजूबाजूला घुसायलाही मदत करतो. दुसरा म्हणतो, तोच रिसेप्टर पेशीला घुसण्यापासून अडवतो. तुम्ही विचारलंत की दुसरा निबंध खरा असेल, तर गोळी देऊन आपण पेशीला मोकळं रान तर देत नाही ना?

या शेवटच्या शंकेसाठीच मी एवढं लांब लिहायला बसले. डॉक्टरांच्या पाच मिनिटांत तिला उत्तर मिळणार नाही, आणि उत्तर न मिळालेली शंका घरात फिरत राहिली की एक दिवस कोणीतरी गोळी बंद करतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्तनाच्या गाठींचे रिपोर्ट हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग. त्याआधी काही वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून हा रिसेप्टर मी मायक्रोस्कोपखाली पाहिलाय तसा फ्लास्कमध्येही पाहिलाय. उपचार मात्र मी ठरवत नाही. गोळीबद्दलचा शेवटचा शब्द मावशींच्या ऑन्कॉलॉजिस्टचा. मी फक्त तिच्यामागचा विचार उलगडते.

गोंधळाचं मूळ असं की ‘कॅन्सर वाढतो’ या दोन शब्दांत आपण चार वेगवेगळी कामं कोंबतो. पेशीचं विभाजन होणं, तिने न मरणं, तिने शेजारच्या ऊतीत घुसणं, आणि दूर कुठेतरी पोचून तिथे नवं बस्तान बसवणं. इस्ट्रोजेन रिसेप्टर पहिल्या दोन कामांना जोरात हातभार लावतो. तिसऱ्यात तो बऱ्याचदा आडवा येतो. आणि चौथ्यासाठी पेशीला पुन्हा त्याचीच गरज पडते. जुन्या एकत्र कुटुंबातल्या कर्त्या माणसासारखं त्याचं वागणं असतं: पोसतो तोच, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला हरकत घेतो तोही तोच. तुमच्या हाती आलेल्या दोन निबंधांत त्याच्या स्वभावाची एकेक बाजू आली आहे.

रिसेप्टरबद्दल, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाबद्दल, तुम्ही शिकला असालच, तरी थोडक्यात. माणसाच्या शरीरात न्यूक्लिअर रिसेप्टर या कुळातली ४८ प्रथिनं आहेत. इन्सुलिनचा रिसेप्टर पेशीच्या आवरणावर असतो. ही मंडळी पेशीच्या आत असतात आणि थेट डीएनएला धरतात. आपण ज्याबद्दल बोलतोय तो ईआर-अल्फा ५९५ अमिनो आम्लांचा. इस्ट्राडायॉल हे मुख्य इस्ट्रोजेन त्याच्या पोकळीत बसलं की त्याचा शेवटाकडचा एक भाग, हेलिक्स १२, पोकळीवर आडवा येऊन बसतो. त्यातून जी खाच तयार होते तिथे कोॲक्टिव्हेटर ही मदतनीस प्रथिनं चिकटतात आणि जनुकं चालू होतात. टॅमॉक्सिफेन हे ईआर अडवणारं औषध त्याच पोकळीत शिरतं, पण त्याची लांब बाजूची साखळी हेलिक्स १२ ला जागेवर येऊ देत नाही. स्तनात त्यामुळे रिसेप्टर गप्प होतो. गर्भाशयाच्या अस्तरात मदतनीस प्रथिनं वेगळ्या प्रमाणात असतात, तिथे तेच औषध थोडंफार इस्ट्रोजेनसारखं वागतं. पाळी गेलेल्या बाईला टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवायला सांगतात, ते याचसाठी.

लेट्रोझोलचा रस्ता निराळा. ते रिसेप्टरला हातच लावत नाही. ॲरोमाटेज या एन्झाइमला अडवून ते इस्ट्रोजेन तयार होणंच थांबवतं. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवत नाहीत, ते चरबीसारख्या ऊतींमध्ये याच एन्झाइमकरवी बनतं, म्हणून मावशींच्या वयात एकटं लेट्रोझोल पुरतं. पाळी चालू असलेल्या बाईला ते एकटं देऊन चालत नाही, आधी अंडाशयांचं काम थांबवावं लागतं.

आता जगण्याची बाजू. या रिसेप्टरबद्दल जे काही कळलंय त्याचा मोठा हिस्सा एमसीएफ-७ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरून कळलाय. डेट्रॉइटमध्ये एका ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या मिळाल्या आणि १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. ईआर भरपूर असलेल्या या पेशींना इस्ट्रोजेन दिलं की सायक्लिन डी-वन आणि मिक ही विभाजनाला ढकलणारी प्रथिनं वाढतात, आणि बीसीएल-टू वाढतं. बीसीएल-टू मायटोकॉन्ड्रियाच्या वाटेने येणारा पेशीमृत्यू अडवतं. थोडक्यात, एकच रिसेप्टर पेशीला ‘वाढ’ही म्हणतो आणि ‘मरू नकोस’ही म्हणतो.

इस्ट्रोजेन काढून घेतल्यावर काय होतं हे पाहणं वाटतं तितकं सोपं नाही. पेशींना घालायच्या सीरममध्ये संप्रेरकं असतात, म्हणून ते कोळशाच्या भुकटीने स्वच्छ करून घ्यावं लागतं. एवढं करूनही पेशी वाढतच राहायच्या. १९८६ मध्ये उलगडा झाला की माध्यमाला गुलाबी रंग देणारं फिनॉल रेडच इस्ट्रोजेनचं सौम्य काम करत होतं. तेव्हापासून असे प्रयोग रंगहीन माध्यमात करतात. एखादा निबंध वाचताना मी आधी त्याचा पद्धतीचा भाग उघडते आणि माध्यम कोणतं होतं ते पाहते. ही सवय तुम्हीही लावून घ्या. निष्कर्षाचा परिच्छेद नंतर वाचला तरी चालतो.

सगळं नीट जमवून इस्ट्रोजेन खरंच काढून घेतलं, तर एमसीएफ-७ पेशी धडाधड मरत नाहीत. काही मरतात, पण बऱ्याचशा जी-वन या विभाजनाच्या तयारीआधीच्या अवस्थेत थांबून राहतात, आणि इस्ट्रोजेन परत दिलं की पुन्हा चालू होतात. हे लक्षात ठेवा, गोळी इतकी वर्षं का घ्यायची याचं उत्तर यातच आहे.

याच ठिकाणी एक गंमत सांगून टाकते. बीसीएल-टू पेशीला मरू देत नाही, तेव्हा ते भरपूर असलेली गाठ जास्त वाईट असेल असं कोणालाही वाटेल. स्तनाच्या कॅन्सरमध्ये उलटं दिसतं, बीसीएल-टू असलेल्या गाठी एकंदरीत बऱ्या वागतात. कारण ते असणं ही बहुधा रिसेप्टर शाबूत असून काम करत असल्याची खूण असते. एखादं प्रथिन पेशीत काय करतं आणि त्याच्या असण्यावरून रुग्णाबद्दल काय भाकीत करता येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या मथळ्यातला पेच निम्मा तरी इथेच सुटतो.

घुसण्याची बाजू जास्त गुंतागुंतीची. दुधाच्या नळीतली पेशी शेजारणींना ई-कॅडहेरिन या प्रथिनाने धरून असते. घुसायचं तर ही पकड सोडायची, आकार बदलायचा, खालचा पडदा विरघळवायचा आणि सरकायचं. प्रयोगशाळेत हे मोजण्यासाठी बारीक छिद्रांच्या पडद्यावर मॅट्रिजेलचा, म्हणजे पेशींखालच्या पडद्यासारख्या जेलचा, थर देतात, वर पेशी सोडतात आणि किती खाली उतरल्या ते मोजतात. एमसीएफ-७ त्यात फारशा उतरत नाहीत. ह्यूस्टनच्या एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कॅन्सरच्याच पेशी भराभर उतरतात, आणि त्यांच्यात ईआर नसतो.

पेशींच्या नुसत्या दोन वाणांची तुलना हा पुरावा कच्चा, कारण त्यांच्यात इतर हजार फरक आहेत. म्हणून फ्रान्समधल्या एका गटाने १९९२ मध्ये थेट एमडीए-एमबी-२३१ मध्येच ईआरचं जनुक घातलं आणि वर इस्ट्रोजेन दिलं. पेशींचं घुसणं कमी झालं आणि उंदरात दूरवर पसरणंही घटलं. मग २००३ मध्ये यामागची एक साखळी समोर आली: ईआर चालू असला की एमटीए-थ्री हे प्रथिन बनतं, ते स्नेल नावाच्या प्रथिनाचं जनुक दाबून ठेवतं, आणि स्नेल दबलेलं असलं की ई-कॅडहेरिन टिकतं. ईआर गेला की स्नेल मोकळं होतं आणि पकड सुटते. याच्या जोडीला जीएटीए-थ्री आणि फॉक्स-ए-वन ही प्रथिनं ईआरबरोबर राहून पेशीला तिची मूळची, दुधाच्या नळीतल्या पेशीची ओळख धरून ठेवायला लावतात. ही ओळख शाबूत असलेली गाठ सहसा संथ असते.

तर मग तुमचा पहिला निबंध खोटा का? अजिबात नाही. ईआरचा थोडा हिस्सा केंद्रकाबाहेर, आवरणापाशी असतो आणि तिथून तो एसआरसी व पीआय-थ्री-काइनेज यांसारख्या संदेशमार्गांना हलवतो. हे काम काही मिनिटांत होतं, जनुकं चालू व्हायची वाट बघत नाही. इस्ट्रोजेन दिल्यावर पेशीचा ॲक्टिनचा सांगाडा हलून ती सरकू लागते, असंही दाखवलं गेलंय. म्हणजे मिनिटांच्या हिशेबात सरकण्याला चालना, आणि दिवसांच्या हिशेबात ओळख टिकवून घुसण्याला आळा, अशा दोन्ही गोष्टी एकाच रिसेप्टरकडून होऊ शकतात. प्रयोग किती वेळ चालवला, इस्ट्रोजेन किती दिलं, पेशींत ईआर मुळात होता की बाहेरून कोंबला, यावर उत्तर फिरतं. आणखी एक खाचखळगा म्हणजे पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती भरला ते मोजायची पद्धत. पेशी सरकल्यामुळे ओरखडा भरतो तसा त्या विभागून वाढल्यामुळेही भरतो. इस्ट्रोजेन तर विभाजन वाढवणारच. विभाजन थांबवल्याशिवाय मोजलेल्या अशा आकड्यावरून ‘ईआरमुळे आक्रमण वाढतं’ म्हटलेलं दिसलं, की मी तो निबंध बाजूला ठेवते.

आणि हा आळा म्हणजे सगळं काही, असंही समजू नका. लोब्युलर कार्सिनोमा हा स्तनाच्या कॅन्सरचा दुसऱ्या क्रमांकाचा प्रकार. त्यात ई-कॅडहेरिन बहुतेक वेळा मुळातच गेलेलं असतं आणि पेशी एकामागे एक रांगेत ऊतीत शिरलेल्या दिसतात. पण त्याच पेशींच्या केंद्रकांत ईआर जवळजवळ नेहमी गडद तपकिरी रंगतो. रिसेप्टर भरपूर आणि तरीही पेशी सुट्या, असं चित्र कामावर वरचेवर समोर येतं. स्नेल दाबून ठेवून उपयोग काय, जर ई-कॅडहेरिनचं जनुकच मोडलेलं असेल?

आता तुमची खरी शंका. ईआर जर घुसण्याला आळा घालत असेल, तर त्याला उपाशी ठेवल्यावर पेशी बेफाम होणार नाहीत का?

आधी मावशींचा रिपोर्ट पुन्हा वाचा. त्यातला पहिलाच शब्द ‘इन्व्हेसिव्ह’ आहे. स्तनातलं घुसणं ईआर असतानाच होऊन गेलंय आणि ती गाठ शस्त्रक्रियेत निघाली. गोळी ज्यांच्यासाठी आहे त्या पेशी, असल्याच तर, गाठ काढायच्या आधीच रक्तात किंवा लसिकेतून निघून हाडाच्या मज्जेसारख्या ठिकाणी पोचलेल्या आहेत. रक्तात उतरलेल्या पेशींपैकी फारच थोड्या कधीकाळी नवी गाठ करू शकतात. परक्या जागी बहुतेक मरतात, काही थांबून राहतात. तिथे पेशीला कमी पडते ती जगण्याची आणि वाढण्याची ताकद, घुसण्याची नव्हे. ईआरवर पोसलेल्या पेशीला ती ताकद ईआरच देतो, आणि गोळी नेमकी तीच काढून घेते.

हे नुसतं तर्काने पटवून घेऊ नका, माणसांवरचा पुरावा भक्कम आहे. टॅमॉक्सिफेनच्या वीस चाचण्यांतल्या २१ हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांत पाच वर्षांच्या गोळीने त्या पाच वर्षांतला आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला, गोळी थांबवल्यानंतरही पुढची काही वर्षं फायदा टिकला, आणि पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ईआर निगेटिव्ह स्त्रियांना काहीच फायदा झाला नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत लेट्रोझोलच्या गटातली औषधं टॅमॉक्सिफेनपेक्षाही थोडी सरस ठरली. गोळीमुळे पेशी मोकाट सुटून पसरत असत्या, तर या आकड्यांत ते लपलं नसतं. शिवाय ही कल्पना आजची नव्हे. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने १८९६ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांचे अंडाशय काढले आणि काहींच्या गाठी विरल्याचं नोंदवलं. रिसेप्टर तर सोडाच, इस्ट्रोजेनही तेव्हा सापडलं नव्हतं.

आतापर्यंतचं एकदा बांधून घेऊ. ईआर पेशीला जगवतो आणि वाढवतो, म्हणून त्याच्यावर अवलंबून असलेली पेशी औषधाच्या टप्प्यात येते. तो असणं ही पेशीने मूळची ओळख पूर्ण सोडली नसल्याचीही खूण आहे, म्हणून अशी गाठ सहसा संथ असते. डॉक्टर ‘चांगला रिपोर्ट’ म्हणाले ते या दोन्ही अर्थांनी. लगेच, सगळीकडे, कायमचं चांगलं असा मात्र त्याचा अर्थ नाही.

कारण परिस्थितीवर बरंच काही अवलंबून असतं. ऑलरेड ८ हा सर्वोच्च स्कोअर: पाच गुण किती पेशी रंगल्या याचे, तीन गुण किती गडद रंगल्या याचे. ३ आणि त्यापुढचा स्कोअर पॉझिटिव्ह धरतात. पण ३ आणि ८ यांत फार अंतर आहे. ज्या गाठीत फक्त १ ते १० टक्के पेशी रंगतात तिला २०२० पासून ‘ईआर लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं लिहायला सांगतात, कारण अशा कित्येक गाठी वागायला निगेटिव्ह गाठींच्या जवळच्या असतात. तिथे ‘पॉझिटिव्ह आलंय, आता चिंता नको’ असं मी कोणालाही म्हणणार नाही.

पीआर का बघतो, हेही सांगते. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचं जनुक ईआरच्या हुकमाने चालतं. पीआर रंगला म्हणजे ईआर नुसता हजर नाही, कामावरही आहे. मावशींचा ६ हा बरा आकडा आहे. ईआर भरपूर आणि पीआर शून्य असला तर मी ग्रेड, हर-टू आणि विभाजनाचा वेग दाखवणारा केआय-६७ यांच्याकडे जरा जास्तच बारकाईने बघते.

त्याहूनही आधीची, कंटाळवाणी वाटणारी गोष्ट म्हणजे गाठ कशी जपली. काढल्यावर तासाभरात ती चिरून फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी. बाहेर ताटकळत राहिलेल्या किंवा न चिरता तशीच डबीत टाकलेल्या गाठीत ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून मी गाठीच्या कडेला राहिलेल्या निरोगी नळ्या आधी बघते. त्यांच्यात काही पेशी रंगायलाच हव्यात. त्याच रंगल्या नसतील तर गाठीचा ‘निगेटिव्ह’ मी मान्य करत नाही, पुन्हा करायला लावते. तुमच्या ओळखीत कोणाचा रिपोर्ट अनपेक्षितपणे निगेटिव्ह आला तर एवढं जरूर विचारा.

पीआरचा विषय निघालाच आहे तर मुंबईतलं एक काम सांगण्याजोगं आहे. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने सुमारे हजार स्त्रियांवर एक चाचणी केली. शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी निम्म्या जणींना हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एकच इंजेक्शन दिलं. २०११ मध्ये निकाल आला. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर ठाम फरक नव्हता, पण काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार पोचलेल्या स्त्रियांत फायदा दिसला. पुढे खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने याची पेशीतली बाजू शोधली. प्रोजेस्टेरॉनने एसजीके-वन हे प्रथिन वाढतं, त्यातून एनडीआरजी-वन हे दुसरं प्रथिन वाढतं, आणि पेशींचं सरकणं व घुसणं कमी होतं, असं त्यांनी २०१८ मध्ये मांडलं. विशेष म्हणजे पीआर नसलेल्या पेशींतही हा परिणाम दिसला. उपगटातला फायदा म्हणून मी याला आजचा प्रमाणित उपचार म्हणणार नाही. पण संप्रेरकाचा हात जगण्यावर वेगळा आणि घुसण्यावर वेगळा पडतो, याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. तुम्हाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर इथून सुरुवात करा.

आता त्या थांबून राहिलेल्या पेशींकडे वळू. ईआर निगेटिव्ह गाठ उलटायची असेल तर बहुधा पहिल्या काही वर्षांत उलटते, नंतर धोका बराच उतरतो. ईआर पॉझिटिव्हमध्ये धोका दरवर्षी थोडा असतो, पण तो रेंगाळतो. पाच वर्षं गोळी घेऊन त्या वेळी ठणठणीत असलेल्या स्त्रियांचा वीस वर्षांपर्यंतचा अभ्यास २०१७ मध्ये आला, ८८ चाचण्यांतल्या ६२,९२३ स्त्रियांचा. पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान दूरच्या अवयवात आजार उलटण्याचं प्रमाण लहान गाठ आणि स्वच्छ काख असेल तर १३ टक्के, मोठी गाठ आणि काखेत चार ते नऊ लसिकाग्रंथी बाधित असतील तर ४१ टक्के निघालं. हे जुन्या काळी उपचार झालेल्या स्त्रियांचे आकडे आहेत, तेव्हाची औषधंही जुनी. पण कल तोच आहे. त्यामुळे काहींना पाचऐवजी सात किंवा दहा वर्षं गोळी सुचवतात. मावशींना किती, हे काखेच्या रिपोर्टवर, गाठीच्या मापावर आणि हाडांच्या तब्येतीवर ठरेल. तुमच्या प्रश्नात काखेचा उल्लेखच नाही, म्हणून मी अंदाजही करत नाही.

रिसेप्टर स्वतः बदलतो तेव्हा काय होतं, तेही सांगायला हवं, कारण तुमचा पहिला निबंध काही अंशी खरा ठरतो तो इथे. पसरलेल्या आजारात लेट्रोझोलच्या गटातली औषधं दीर्घकाळ दिल्यावर काही रुग्णांच्या पेशींत ईआरच्या जनुकात बदल होतो. वाय-५३७-एस आणि डी-५३८-जी हे त्यातले नेहमीचे दोन. २०१३ मध्ये ते ठळकपणे समोर आले. दोन्ही हेलिक्स १२ च्या तोंडाशी आहेत आणि त्यांच्यामुळे तो भाग इस्ट्रोजेन नसतानाही चालू स्थितीतच अडकून बसतो. मग इस्ट्रोजेन बंद करून काय उपयोग? प्रयोगांत अशा बदललेल्या रिसेप्टरच्या पेशी जास्त सरकतात आणि जास्त पसरतात असंही दिसलंय. म्हणजे मूळ रिसेप्टरबद्दलचं विधान बदललेल्या रिसेप्टरला लावू नये, आणि उलटही करू नये. पहिल्यांदा काढलेल्या गाठीत हे बदल फार क्वचित सापडतात. मावशींच्या बाबतीत आज त्यांचा विचार करण्याचं कारण नाही. तशी वेळ आलीच तर रिसेप्टरलाच नष्ट करणारं फुल्वेस्ट्रंटचं इंजेक्शन आहे, तोंडाने घ्यायचं इलासेस्ट्रंट अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, आणि विभाजनाचं चक्र अडवणारी पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब, ॲबेमासिक्लिब ही औषधं संप्रेरक-उपचाराच्या जोडीने देतात.

घरी उपयोगी पडेल असं थोडं. लेट्रोझोलने सांधे धरतात, सकाळी उठताना बोटं आखडतात. बऱ्याच बायका कोणाला न सांगता गोळी सोडतात ती याच दुखण्याने. मावशींना म्हणावं, दुखलं तर डॉक्टरांना सांगा. त्याच गटातलं दुसरं औषध किंवा टॅमॉक्सिफेन हे पर्याय असतात, मुकाट्याने बंद करणं हा पर्याय नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सुरुवातीलाच झाली नसेल तर विचारा. गरम वाफा येतात म्हणून मैत्रिणीने दिलेल्या संप्रेरकाच्या गोळ्या किंवा ‘बायकांच्या त्रासावरची’ कसलीही पुडी घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण त्यात इस्ट्रोजेन असेल तर एका हाताने बंद केलेलं दुसऱ्या हाताने चालू होतं. सोयाबीनबद्दल हमखास विचारतात. जेवणातल्या सोयाने आजार उलटतो असं दिसलेलं नाही. शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर सोया खाणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमीच होतं. अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट, त्या नकोत.

शेवटचं, माझ्या खात्याचं. शस्त्रक्रियेनंतर गाठीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेले असतात. ते कुठे आहेत, किती वर्षं ठेवणार आणि लागले तर कसे मिळतील, हे आत्ताच विचारून फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढे कधी दुसरीकडे काही दिसलंच तर तिथला तुकडा काढून ईआर पुन्हा तपासायला सांगा. बहुतेक वेळा तो टिकलेला असतो, काहींत गेलेला असतो, आणि तेव्हा जुना ब्लॉक शेजारी ठेवून पाहता आला तर आमचं काम फार सोपं होतं.